लाभ, दोन, तीन

१

दर रविवारी दुपारी साडेचारला मल्लेशचा दूरध्वनी येतो. मी त्याला दूरध्वनी म्हणतो, म्हाळसा फोन म्हणते. वाजला की धावते मात्र तीच. एकोणतीस वर्षे मी मराठी आणि संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर कर्नाटकातल्या मादन हिप्परगा गावी या तीन खोल्यांच्या घरात आम्ही दोघेच राहतो. मुलगा मल्लेश नेदरलँड्समध्ये अभियंता आहे. सून विजयश्री चिटगुप्प्याच्या व्यापारी घरातली. नात तुळजा आठ वर्षांची. ती तिघे. हा शब्द मी जाणीवपूर्वक लिहीत आहे, कारण पुढे त्याला माझ्यावाचून दुसरा साक्षीदार उरलेला नाही. ती तिघे होती.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी ती तिघे गाडीने सीमा ओलांडून बेल्जियमला गेली, सायकलींची शर्यत पाहायला. आदल्या रविवारच्या दूरध्वनीवर ऐकले तेव्हा म्हाळसाला हे पटलेले नव्हते.

"हितनं परदेशात गेलास, आन आता तिथनं बी परदेशातच जायलास व्हय? सायकली बगायला? आळंदच्या बाजारात पायजे तेवढ्या दिसत्यात की."

"अव्वा, आळंदचा सायकलवाला उतारावर बी पायडल मारत न्हाई," मल्लेश हसत म्हणाला. "हे तासाला पंचेचाळीस किलोमीटर पळत्यात. टीव्हीवर दाखवनार हायत. आमी बी दिसू."

त्याने सारे ठरवून ठेवले होते. शर्यत एकाच टेकडीवरून तीनदा जाणार होती. टेकडीच्या पायथ्याशी एका वळणावर गाईंचे कुरण होते. त्याच्या लाकडी फाटकातून गाडी आत लावायला शेतकऱ्याने परवानगी दिली होती. फाटकापाशी ती तिघे उभी राहणार होती आणि तुळजा काठीला बांधलेला पिवळा पंचा हलवणार होती. पंचा म्हाळसाने हळदीत रंगवून मागच्या वर्षी पाठवलेला.

"त्या पंच्यावरनं वळखा," तुळजा म्हणाली. "अज्जा, तू झोपू नको हां."

"झोपू नकोस," मी म्हटले. "'नकोस' म्हणावे."

"बरं. झोपू नकोस हां."

२

रविवारी साडेपाचला पडद्यावर हिरवळ उगवली. आमच्या खोलीत कूलर घरघरत होता, खिडकीच्या गजांतून आलेले ऊन जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडले होते, आणि समोर इतके ओले, इतके थंड हिरवेपण की डोळ्यांना ते खोटे वाटावे. हेलिकॉप्टरमधून रस्ता दिसत होता. त्यावरून दीडशेहून अधिक स्वार एकमेकांना खेटून, एकाच अंगाने वळत निघाले होते.

"मेंढरं सोडल्यावानी दिसायलेत बगा," म्हाळसा म्हणाली.

उपमा अचूक होती. ती मला सुचली नाही याचे किंचित वाईट वाटले, कारण माझा जन्म मेंढपाळाच्या घरचा. माझे वडील काशाप्पा. शेवटची वीस मेंढरे विकली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. संध्याकाळी मेंढरे वाड्यात शिरताना ते तोंडाशी पाय फाकून उभे राहत. एकेका पाठीवर हात टेकवीत आणि मोजीत: लाभ, दोन, तीन, चार. पहिल्याला एक म्हणायचे नाही, लाभ म्हणायचे. आमच्याकडे धान्य मापतानाही हीच रीत. मोजायचे एकदाच. कमी भरले तर कंदील घेऊन शोधायला जायचे. जास्त भरले तर काट्यांचा झाप, म्हणजे वाड्याचे दार, तसेच उघडे ठेवायचे, पाठ फिरवून निजायचे, आणि पुन्हा मोजायचे नाही.

एकदा एक जास्त भरले होते, ते मला स्पष्ट आठवते. मी विचारले, "अप्पा, पुन्हा का मोजायचे नाही?"

"दोनदा मोजलं की ते आपलं व्हतंय."

"आणि दार लावले तर?"

"तरी बी सकाळी बराबरच भरतंय."

दोन्ही प्रकारे बरोबर भरणार असेल तर दार उघडे ठेवण्यात अर्थ काय, हे मला तेव्हा कळले नाही. पुढे शिकलेल्या मनाने मी त्याचा अर्थ लावला: जास्तीचे मेंढरू दुसऱ्याच्या कळपातले असते, दुसऱ्यांदा मोजणे म्हणजे त्यावर हक्क सांगणे, आणि तो चोरीचा प्रकार. नीतीचा एक साधा नियम. हा अर्थ मी वर्गातही कितीदा सांगितला असेन.

"आली, आली! पंचा बगा!" म्हाळसा ओरडली.

वळण आले. पांढरे फाटक, फाटकावर बसलेली तुळजा, तिच्या हातात पिवळा पंचा, शेजारी उंच मल्लेश, लाल अंगरख्यातली विजयश्री. तिघे. त्या वळणावर दुसरे कोणीही नव्हते. म्हाळसा टाळ्या वाजवू लागली.

स्वारांचा लोंढा फाटकासमोर आला आणि दुभंगला. अर्धे डावीकडून, अर्धे उजवीकडून. मध्ये, एक माणूस मांडी घालून बसेल इतकी जागा मोकळी राहिली, आणि तिच्या पलीकडे लोंढा पुन्हा जुळला. शेवटच्या स्वारापर्यंत प्रत्येकाने ती जागा टाळली. तिथे कोरड्या, काळ्या डांबराशिवाय काही नव्हते.

म्हाळसाची टाळी अर्धीच राहिली.

"वाटंत कोन बसलंय?"

"कोणी नाही. खड्डा असेल."

"खड्ड्याला मेंढरू असं फाकत न्हाई. खड्ड्यावरनं उडी मारतंय." ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "बसलेल्याला बगून फाकतंय."

३

दूरध्वनीवर मल्लेशचा आवाज आनंदाने फुटत होता. मागे वारा होता आणि वरच्या चढावर लोक वाजवीत असलेल्या घंटांचा दूरवरचा नाद.

"दिसलाव का अप्पा?"

"दिसलात. तिथे रस्त्यात खड्डा आहे का?"

"खड्डा? हितल्या रस्त्यावर भाकर थापावी, अप्पा. कामून?"

"काही नाही. स्वार जरा बाजूने गेल्यासारखे वाटले."

"ते वाऱ्यासाठी बाजूबाजूनं पळत्यात," त्याने समजावले, आणि माझे समाधान झाले. कारण सापडले की माझे समाधान होते; ही माझी जुनी खोड आहे.

साडेसहाला दुसरी फेरी आली. या वेळी मी चष्मा पुसून, खुर्ची पुढे ओढून बसलो होतो. म्हाळसाने चहा केला होता. दोघांचेही पेले भरलेलेच राहिले.

प्रथम वरून दृश्य दिसले. फाटक, पंचा, तिघे. आणि फाटकाच्या आत, कुरणात, तुळजाच्या पाठीशी चौथे कोणीतरी. तुळजाएवढ्या उंचीचे. मला वाटले, शेतकऱ्याचे मूल असावे. मग दृश्य बदलले, मोटारसायकलवरचा कॅमेरा रस्त्याच्या पातळीवरून वळणाशी आला, आणि तेच कोणीतरी, त्याच जागी, मल्लेशहून वीतभर उंच होते.

दोन कोन, दोन अंतरे. उंची फसवी असू शकते. हे मी मोठ्याने म्हटले.

"पुस्तकातलं बोलू नगा," म्हाळसा म्हणाली. "फोन लावा."

लोंढा या वेळी दुभंगला नाही. रस्त्यातली ती जागा आता कोणी टाळत नव्हते.

"मल्लेश, तुमच्याजवळ कोण उभे आहे?"

"कोन न्हाई. समदी गर्दी वर चढावर हाय. आमी तिघंच हाव."

"फाटकाच्या आत. तुळजाच्या मागे."

मल्लेशने मागे वळून पाहिले असावे. "गवत हाय, अप्पा. आन आमची गाडी. दूर दोन गाई." मग विजयश्री जवळून म्हणाली, "मामा, ऊन लागलं का काय तुमाला? पन्हं प्या की जरा." ती हसत होती, मल्लेशही हसला, तुळजाही हसली. ती तीन हसणी मी वेगवेगळी ओळखतो. त्यांच्या मागोमाग, किंचित उशिरा, शिकाऊपणे कोणीतरी हसले.

प्रतिध्वनी. असे यंत्रांत होते. मी म्हाळसाकडे पाहिले. तिने पदराचा बोळा तोंडावर धरला होता.

४

साडेसात वाजले. आमच्या खिडकीतले ऊन विझले होते. तिथे मात्र लख्ख दुपार होती, सावल्या पायाशी आखडलेल्या. दिवा लावायला कोणी उठले नाही. पडद्याचा हिरवा उजेड म्हाळसाच्या गालावर पडला होता.

तिसऱ्या फेरीत स्वार थकून पांगले होते. सात जणांची टोळी पुढे होती. मोटारसायकल तिच्या मागे. वळण आले आणि चित्र गोठले. मध्यभागी ते लहानसे चक्र फिरत राहिले. आवाज मात्र चालू होता. साखळ्यांची किरकिर, निवेदकाची अनोळखी भाषा, घंटा.

गोठलेल्या चित्रात फाटक सताड उघडे होते. मल्लेश, विजयश्री आणि तुळजा रस्त्याच्या कडेला उभी, तिघांचीही तोंडे स्वारांकडे. तुळजाचे हात रिकामे होते. पंचा चौथ्याच्या हातात होता.

ते चौथे स्वारांकडे पाहत नव्हते. सात माणसे जिवाच्या आकांताने हातभर अंतरावरून जात असताना ते सरळ समोर, कॅमेऱ्याकडे, म्हणजे या खोलीकडे तोंड करून उभे होते. पंचा वाऱ्याने त्याच्या तोंडावर चिकटला होता. कापडाखाली नाक असते तिथे उंचवटा नव्हता. डोळे असतात तिथे खळगे नव्हते. एकच जागा आत ओढली गेली होती, श्वास घेतल्यासारखी.

आणि चित्र गोठलेले असताना ती जागा बाहेर आली. पुन्हा आत गेली.

चक्र थांबले, चित्र धावू लागले, टेकडी आली. मी पाहिले ते पाहिले की नाही, याचा निर्णय मी आजही करू शकत नाही. म्हाळसा म्हणाली, "फाटक लावू नगा म्हनावं त्यास्नी. गाडीचं दार बी लावू नगा म्हनावं. समदं उघडं टाकून रस्त्यावर या म्हनावं."

तिचे वडील बसलिंगप्पाही मेंढरेच राखत. तिला काही सांगावे लागले नाही.

५

दूरध्वनी पाच वेळा लावला तेव्हा लागला.

"मल्लेश, कुठे आहात?"

"कुरनात. निघायलाव. शेवट दिसला का? तो निळ्या कपड्याचा गडी..."

"गाडीत बसू नका. फाटक लावू नका."

"फाटक लावावंच लागतंय, अप्पा, गाई हायत आत. शेतकरी काय म्हनंल?" मग त्याला माझा आवाज उमगला असावा. "काय झालं? अव्वा बरी हाय न्हवं?"

मी सांगितले. शक्य तितक्या नेमक्या शब्दांत सांगितले, आणि सांगता सांगता माझ्याच कानांना ते हास्यास्पद वाटू लागले. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दोन तास पडद्याला डोळे लावून बसलेला सत्तरीचा म्हातारा. दूरचे चित्र, खराब जोडणी, प्रतिध्वनी. प्रत्येक गोष्टीला कारण होते. केवळ कारणांची संख्या जास्त झाली होती.

"अप्पा," मल्लेश मऊपणे म्हणाला, "आमी बसलाव बी गाडीत. दार लावलंय, तुळजाला थंडी वाजायलीय. समदी हाव. काळजी करू नका."

दार लावले होते. आता एकच उपाय दिसत होता, आणि तो तर्काचा होता. संख्या खोटे बोलत नाही. तीन भरले तर भ्रम माझा, आणि मी शांत निजेन.

"मोज," मी म्हणालो.

"आँ?"

"गाडीत किती आहात ते मोज. मोठ्याने. एकेकाला हात लावून."

म्हाळसाने माझे मनगट धरले. "मोजाय लावू नगा! आवो, तुमी आताच तीनदा मोजलंय की हितं बसून!"

"मी मोजत नाही," मी तिला म्हणालो. "तो मोजतो आहे."

शब्दशः ते खरे होते.

"तुझा आज्जा मोजायचा तसा मोज," मी मल्लेशला म्हणालो. माझ्या बापाची बोली माझ्या तोंडी कधी आली ते मला कळले नाही.

तो हसला. बापाचे मन राखायला माणूस हसतो तसा. आसनाची कुरकुर ऐकू आली; तो मागे वळला असावा. मग हात टेकल्याचा हलका आवाज.

"लाभ," मल्लेश म्हणाला. "दोन. तीन. आन मी चार. झालं का अप्पा? चारी हाव."

कूलर बंद होता. तो कधी बंद झाला होता, ठाऊक नाही.

"चार?" मी म्हणालो.

"व्हय की. निघताना बी चारच होतो."

मागून तुळजा कुरकुरली, "डॅडी, ह्याला कामून लाभ दिलं? मला लाभ पायजे होतं."

"गप गं," विजयश्री म्हणाली, "नेहमी तूच असतीस की पयली. एखाद्या टायमाला त्याला घेऊ दे."

मी दूरध्वनी खाली ठेवला. अंधारात म्हाळसाने माझे मनगट अजून धरलेले होते. तिची नखे रुतली होती. तिने तरी ऐकले आहे, या एकाच विचाराचा मला आधार वाटला. मी तिच्याकडे वळलो. तिचे एक बोट हळूहळू सैल झाले, मग दुसरे. ती उठली, तिने दिवा लावला आणि पदर सारखा केला.

"चौघं बी बसली न्हवं गाडीत नीट?" तिने विचारले. "मग तोंड असं कामून केलंय?"

६

त्यानंतर मी पडद्यावर त्यांना पाहिलेले नाही. माझे डोळे बिघडले आहेत असे सांगून मी केवळ आवाज ऐकतो. म्हाळसा पाहते, हसते, चौघांशी बोलते. चौथ्याचे नाव ती घेते. ते आमच्या कुळातले, निर्दोष नाव आहे. नातू असता तर मीच ठेवले असते. ते मी येथे लिहिणार नाही. लिहिणे हेही एक प्रकारचे मोजणेच आहे.

दर्शनी खोलीच्या भिंतीवर तसबीर आहे. मल्लेशने तीन वर्षांपूर्वी पाठवलेली. तिच्यासमोरून जाताना मी मान खाली घालतो.

आमच्या घराचे फाटक मी बिजागऱ्यांसकट काढून टाकले. गल्लीतल्या गुरुपादय्यांनी विचारले, "मास्तर, कुत्री शिरतील की." मी म्हटले, शिरू देत. रोज संध्याकाळी मी उघड्या दाराकडे पाठ करून बसतो. वडिलांनी सांगितलेले सारे मी आता पाळतो; एवढेच की दार तिकडे लागले आहे आणि पाठ मी इकडे फिरवतो आहे.

जूनमध्ये तुळजाचा आवाज बदलला. म्हणजे तो तोच होता, पण दुरून येत असे, घरातल्या आतल्या खोलीतून बोलावे तसा. जुलैच्या एका रविवारी बाकीचे आवाज आपसांत बोलत असताना ती यंत्राच्या अगदी जवळ येऊन कुजबुजली.

"अज्जा, मला कोन मोजत न्हाई."

"मी मोजतो," मी म्हणालो. "बाळ, मी मोजतो. तू लाभ."

तिने ते ऐकले की नाही, मला ठाऊक नाही. मी पुन्हा तेच म्हणालो. मग विजयश्रीने विचारले, "मामा, कुनाशी बोलायलाव?"

त्यानंतरच्या रविवारी तुळजा आली नाही. मी तिच्याबद्दल विचारले नाही. नाव उच्चारले आणि पलीकडून 'कोण?' असे आले, तर ते ऐकण्याचे बळ माझ्यात नाही. आणि जोवर विचारले नाही, तोवर ती आतल्या खोलीत आहे.

वडिलांचे उत्तर आता मला कळते. दार उघडे ठेवले काय, लावले काय, सकाळी बरोबरच भरते; उघडे असले तर जास्तीचे निघून जाते, लावले तर आपल्यातलेच एक कमी होते. दोन्हींत फरक काय, हे मी बारा वर्षांचा असताना विचारायला हवे होते. त्यांनी सांगितले असते. किंवा माझ्या पाठीवर हात ठेवून, काही न बोलता, कळपाकडे पाहिले असते.

आज सकाळी मल्लेशचा संदेश आला. दिवाळीला येत आहेत. सोबत विमानाची तिकिटे पाठवली आहेत. म्हाळसा स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"किती जन यायलेत?"

"तीन," मी म्हणालो.

"तीनच की. मग आनकी किती येनार?" ती हसली, आणि माझ्या खांद्यावरून वाकली.

संख्या बरोबर भरली आहे. पडद्यावर दोन नावे दिसत आहेत: मल्लेश श्रीशैल, विजयश्री मल्लेश. तिसरे खाली आहे. बोटाने वर सरकवले की दिसेल. माझे बोट काचेवर टेकलेले आहे.

"सरकवा की," म्हाळसा म्हणते आहे. "लेकराचं नाव बगू द्या."